दोन वर्दींचा माणूस

[दृश्य : मेढ्याच्या पुढचे डोंगर, भाताची खाचरं]

सातारा जिल्ह्यातला जावळी तालुका. पाऊस भरपूर, जमीन तुटपुंजी. इथली पोरं मिसरूड फुटलं की मुंबईची वाट धरतात. कुणी माथाडीत जातं, कुणी भरतीला उभं राहतं. केडंबे गावचे तुकाराम गोपाळ ओंबळे भरती झाले ते लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये.

या पलटणीचं काम फारसं कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. तार ओढायची, वायरलेस सेट चालू ठेवायचा, आलेला निरोप शब्दही न बदलता पुढे द्यायचा. 'तीव्र चौकस' हे त्यांचं बोधवाक्य. ओंबळे तिथून नाईक म्हणून निवृत्त झाले. खांद्याखाली बाहीवर दोन फिती मिळवलेला हा माणूस 1991 मध्ये मुंबई पोलिसांत दाखल झाला.

माजी सैनिकाची ही दुसरी नोकरी आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, पण तिच्याविषयी बोललं फार कमी जातं. ज्या वयात बरोबरीची माणसं स्थिरावतात, त्या वयात हे लोक नवे कायदे, नवे साहेब आणि नवं शहर शिकायला बसतात. त्यात बंदोबस्त, नाकाबंदी, गणपतीतली गर्दी, रात्रपाळी हे सगळं आलंच. ओंबळे यांच्या घरी चार मुली होत्या. 2008 साली ते डी. बी. मार्ग पोलीस ठाण्यात सहायक फौजदार होते.

[दृश्य : गिरगाव चौपाटी, रात्र]

26 नोव्हेंबर 2008. छत्रपती शिवाजी टर्मिनस आणि कामा रुग्णालयाच्या परिसरात माणसं मारून अजमल कसाब आणि अबू इस्माईल हे दोघे चोरलेल्या स्कोडा गाडीतून मलबार हिलच्या दिशेने निघाले. मध्यरात्र उलटली होती. वायरलेसवर गाडीची खबर आली आणि चौपाटीवर अडथळे लागले. अधिकाऱ्यांकडे पिस्तुलं होती, बाकीच्यांच्या हातात लाठ्या.

गाडी अडथळ्यांच्या अलीकडे थांबली. दिवे बंद करायला सांगितलं, तर आतल्यांनी हेडलाइट प्रखर केले आणि काचेवर पाणी उडवून वायपर सुरू केले. आतलं काही दिसू नये म्हणून. मग गाडी वळवायला गेले आणि ती दुभाजकावर अडकली. गोळीबारात चालवणारा इस्माईल पडला. डाव्या बाजूच्या दारातून कसाब बाहेर आला.

ओंबळे त्याच्याकडे धावले आणि त्यांनी एके-47 ची नळी हातांनी धरली.

इथे थोडं थांबायला हवं. या रायफलीच्या मॅगझिनमध्ये तीस गोळ्या मावतात, आणि चाप दाबून धरला तर त्या काही सेकंदांत संपतात. नळी पकडून ती आपल्याकडे वळली तर काय होतं, हे फौजेत हत्यार हाताळलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. गोळ्या त्यांच्या शरीरात गेल्या. सहायक निरीक्षक संजय गोविलकर जखमी झाले. पण नळी ओंबळेंच्या पकडीत होती, म्हणून मागच्या सहकाऱ्यांना पुढे झेपावता आलं. त्यांनी कसाबला लाठ्यांनी खाली पाडलं आणि जिवंत धरलं. ओंबळे मात्र वाचले नाहीत.

लोक याला वेडं धाडस म्हणतात. मला ते पटत नाही. दोन खात्यांत मिळून इतकी वर्षं वर्दी घातलेल्या माणसाने पूर्ण शुद्धीत घेतलेला तो निर्णय होता.

आणि त्या निर्णयाने देशाला काय मिळालं, तेही नीट पाहू. दहा हल्लेखोरांपैकी हा एकच जिवंत सापडला. त्यांच्याकडे भारतीय नावांची खोटी ओळखपत्रं होती. सगळेच मेले असते तर हा हल्ला कुणाच्या माथी मारला गेला असता, याची कल्पना करा. कसाबच्या तोंडून पाकिस्तानातलं त्याचं फरीदकोट गाव, त्या देशात झालेलं प्रशिक्षण, समुद्रात बळकावलेली 'कुबेर' नौका, सगळं बाहेर आलं. आर्थर रोड कारागृहात खटला चालला. मे 2010 मध्ये विशेष न्यायालयाने फाशी सुनावली; पुढे उच्च न्यायालयाने आणि ऑगस्ट 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. 21 नोव्हेंबर 2012 रोजी येरवड्यात ती दिली गेली. 166 माणसांच्या मृत्यूचा हिशेब कोर्टात, पुराव्यानिशी मांडता आला.

[दृश्य : चौपाटीवरचा पुतळा, येणारी-जाणारी माणसं]

26 जानेवारी 2009 रोजी ओंबळेंना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आलं. गिरगाव चौपाटीवर त्यांचा पुतळा उभा राहिला. 2021 मध्ये ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या नव्या प्रजातीला संशोधकांनी 'इसियस तुकारामी' हे नाव दिलं. झेप घेऊन भक्ष्य पकडणारा हा इवलासा जीव, आणि जगभरच्या शास्त्रीय नोंदींत त्याच्या नावात आता आपला तुकाराम आहे. ऐकून ऊर भरून येतो.

केडंब्यात त्यांच्या स्मारकाला सरकारने मंजुरी दिली आहे. एक मनापासून मागणं आहे : तिथे फक्त त्या रात्रीचा प्रसंग नको. सिग्नल कोअरमधली त्यांची वर्षंही मांडा, नाईकाच्या फितींसकट. पहाटे भरतीसाठी धावायला निघणारी जावळीची पोरं तिथे येतील. त्यांना दोन्ही वर्दी दिसू द्या.