टपाखालचे पाणी

साताऱ्याच्या गोडोलीतल्या या गॅरेजच्या दारात उभे राहिले की समोर अजिंक्यतारा दिसतो. आत, दोन मालवाहू टेम्पोंच्या मध्ये, चंदेरी रंगाची दोन आसनांची एक परदेशी मोटार उभी आहे. २००४ साली तयार झालेल्या या गाडीचे धातूचे छप्पर बटण दाबताच दुमडून डिकीत जाते. गेल्या जूनपासून मात्र ते अर्ध्यावर येऊन अडते, आणि त्या एका दोषाचा माग काढताना जुनी आलिशान गाडी सांभाळणे म्हणजे काय, हे आपल्याला जवळून पाहायला मिळणार आहे.

अशा गाडीचा मोह पडतो तो तिच्या उतरलेल्या भावामुळे. नवी असताना जिची किंमत ऐकूनच माणूस मागे फिरत असे, ती वीस वर्षांनी एखाद्या साध्या नव्या गाडीच्या पैशात दारात उभी राहू शकते. परंतु भाव उतरतो तो गाडीचा, तिच्या पार्टांचा उतरत नाही. पंप, सेन्सर, काच आणि रबर हे सारे आजही त्या मूळ श्रीमंतीच्या दरानेच मागवावे लागते, आणि अनेकदा परदेशातून येईपर्यंत वाटही पाहावी लागते. गाडी घेताना हा हिशेब ज्याने मांडला नाही, त्याची गाडी पहिल्या मोठ्या दुरुस्तीलाच ताडपत्रीखाली जाते, हे अनेक ठिकाणी पाहून मी सांगतो आहे.

दुमडणाऱ्या धातूच्या छपराची कल्पना जुनी आहे. फ्रान्सच्या प्युजो कंपनीने १९३० च्या दशकातच अशा गाड्या विकल्या होत्या, आणि १९५७ मध्ये अमेरिकेच्या फोर्ड कंपनीने स्कायलायनर या गाडीत हेच काम विजेच्या मोटारी आणि रिले, म्हणजे विजेनेच चालू-बंद होणारे स्विच, यांच्याकडून करून घेतले. १९९६ मध्ये आलेल्या मर्सिडीजच्या एसएलकेने सुमारे २५ सेकंदांत उघडणारे छप्पर पुन्हा रूढ केले, आणि तेथून पुढे या कामासाठी तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा घरोघरीच्या गाड्यांत नव्हे, पण महागड्या गाड्यांत सर्रास दिसू लागली.

ही यंत्रणा समजून घेतली की निम्मा खर्च कोठे जातो ते कळते. डिकीत एक छोटा विजेचा पंप असतो. तो तेल दाबाखाली बारीक नळ्यांतून छप्पर हलवणाऱ्या सिलिंडरांकडे पाठवतो, आणि प्रत्येक टप्पा पूर्ण झाला की एक लहानसा स्विच तशी खबर कंट्रोल युनिटला, म्हणजे छपराचे काम क्रमाने चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीला, देतो. कुलूप सुटले, डिकीचे झाकण उलट बाजूने उघडले, छप्पर उचलले गेले, अशा या क्रमातली एक खबर जरी पोहोचली नाही, तरी युनिट पुढचा हुकूम देत नाही. बॅटरी दुर्बल असली तरीही छप्पर असेच थांबते, म्हणून इंजिन चालू ठेवूनच बटण दाबावे.

मिस्त्री मात्र स्विचपाशी लगेच जात नाहीत. ते मालकांना म्हणतात, “साहेब, पंपाला हात लावायच्या आधी तेल बघू.” टाकीतले तेल खुणेच्या खाली आहे. मग पुढच्या काचेच्या वरच्या पट्टीत, आरशाच्या जरा मागे, ते बोट फिरवतात आणि आपल्याला दाखवतात. बोटाच्या टोकावर तेलाचा एक स्वच्छ, पातळ थेंब चमकतो आहे. छपराचे कुलूप लावणाऱ्या सिलिंडरचे, तेल आत अडवून धरणारे सील वयाने कडक झाले आहे, आणि तेल त्याच्या कडेने झिरपून आतल्या अस्तरात मुरते आहे. येथे खर्चाचे दोन रस्ते फुटतात. संपूर्ण सिलिंडर नवा मागवता येतो, किंवा जुना उघडून त्यात योग्य मापाची सीले बसवता येतात. दुसरा मार्ग वेळखाऊ आहे, पण कितीतरी पटींनी स्वस्त पडतो, आणि कुशल हात मिळाले तर माझ्या मते तोच निवडावा. एक सील गळू लागले की त्याच वयाची बाकीची सीलेही लवकरच गळणार, हे धरून सगळी एकदमच बदललेली बरी.

तेलापेक्षा पाणी अधिक नुकसान करते, आणि पाणी म्हटले की सातारा आला. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने गेले की पाऊस वाढत जातो, आणि महाबळेश्वरला तर पावसाळ्यात ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. छपराच्या कडेचे पाणी बाहेर नेण्यासाठी गाडीत बारीक वाटा ठेवलेल्या असतात. पाने आणि लाल माती त्यांत अडकली की पाणी गाडीबाहेर पडण्याऐवजी डिकीत आणि पायांखाली उतरते. मिस्त्री गवत कापण्याच्या यंत्राची नायलॉनची दोरी त्या वाटेत हळूहळू सरकवतात, आणि खालून चिखलाची काळी गुठळी बाहेर येते. ही गुठळी काढायला एक पैसा लागला नाही. डिकीतला गालिचा उचलल्यावर मात्र कंट्रोल युनिटच्या जोडणीवर तांब्याला आलेला हिरवा गंज दिसतो, आणि आतून कुबट वास येतो. आपले छप्पर अर्ध्यावर का थांबत होते, त्याचे दुसरे कारण हे आहे.

कापडी छपराच्या गाडीत ओले कापड दुमडून ठेवले की बुरशी धरते, आणि मागची काच प्लॅस्टिकची असेल तर ती पिवळी पडून घडीवर तडकते. दारांच्या रबरांना साधे ग्रीस लावणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे, कारण त्याने रबर फुगते. रबरासाठीचे सिलिकोनचे मलम वर्षातून दोनदा पुरते.

बाकीचे आजार कोणत्याही जुन्या गाडीचे आहेत. खंबाटकीच्या चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला, तर रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या आणि थर्मोस्टॅट तपासावेत. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे. टायरची नक्षी शाबूत असली तरी तो कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनला ते सांगणारा त्यावरचा चार अंकी आकडा वाचावा, कारण कमी धावणाऱ्या गाडीचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात.

कागदांचा खर्चही लहान नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. आयात चारचाकीसाठी त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ४०,००० रुपये झाले, आणि २० वर्षांहून जुन्या आयात चारचाकीसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये ८०,००० रुपये ठरले. पर्यावरण कर वेगळा. विमा झीज किंवा यांत्रिक बिघाड भरून देत नाही, आणि अपघाताच्या नेहमीच्या दाव्यातही रबर, प्लॅस्टिक, टायर व बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के घसारा वजा होतो.

आठ दिवसांनी सीले बसली आहेत, जोडणी साफ झाली आहे आणि टाकीतले तेल खुणेवर आले आहे. मालक इंजिन सुरू करून बटण दाबतात. झाकण मागे झुकते, छप्पर उचलले जाते, अर्ध्यावरची ती जागा ओलांडून डिकीत उतरते. मिस्त्री अजून समाधानी नाहीत. ते छप्पर पुन्हा बंद करायला लावतात, पाण्याची नळी सुरू करून दहा मिनिटे ते भिजवत ठेवतात, आणि मग गालिचाखाली हात घालून कोरडा तळवा मालकांना दाखवतात.