मधले नऊ तास

(दृश्य: पहाटेचं विमानतळ. चाकांच्या बॅगांचा घरघराट. डोक्यावर बाणांचे फलक.)

विमानातून उतरलं की थोड्या अंतरावर वाट फुटते. एक बाण 'अरायव्हल'चा, दुसरा 'ट्रान्सफर'चा. ज्यांचं मुक्कामाचं ठिकाण आलं ते पहिल्या बाणाकडे वळतात, बाकीचे दुसऱ्याकडे. मग खुर्ची शोधायची, बॅग पायाशी घ्यायची, फोन चार्जिंगला लावायचा आणि फलकावर आपलं विमान शोधायचं. विमान सापडतं, पण त्याच्यापुढे गेट नंबर नसतो. ते सुटायला अजून नऊ तास आहेत.

या नऊ तासांमुळेच बहुतेक वेळा तिकीट स्वस्तात मिळालेलं असतं. तिकीट काढताना आपण भाडं बघतो, बॅगेचं वजन बघतो, खिडकीची सीट बघतो. मधल्या तासांकडे मात्र कुणी बघत नाही. मला मनापासून वाटतं की त्यांचा विचार तिथेच, तिकीट काढतानाच व्हायला हवा. उतरल्यावर सुचेल तेव्हा अर्धा वेळ निघून गेलेला असतो, आणि लागणारी कागदपत्रंही हाताशी नसतात.

ही फिल्म आम्ही अशाच एका लेओव्हरमध्ये, म्हणजे दोन विमानांच्या मधल्या थांब्यात, चित्रित केली. ठिकाण, जपानमधलं नारिता. सकाळी आठला उतरलो, पुढचं विमान संध्याकाळी पाचचं.

(दृश्य: कागदावर पेनानं लिहिलेल्या वेळा. एकेक आकडा खोडला जातो.)

आधी हिशोब. तो शेवटाकडून मांडायचा. विमान पाचला, म्हणजे गेट त्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बंद होणार. परत येताना सिक्युरिटीची रांग, पासपोर्टची रांग, मग गेटपर्यंतची चाल. म्हणून अडीच वाजता विमानतळाच्या दारात पाऊल पडलंच पाहिजे, असं धरलं. सकाळच्या बाजूनं विमानातून बाहेर पडणं, इमिग्रेशन आणि हातातली बॅग लॉकरमध्ये टाकणं यात दीड तास. म्हणजे साडेनऊ ते अडीच. नवाचे पाच झाले.

या पाच तासांत टोकियो गाठायचा मोह होतो. पण टोकियो इथून साठ किलोमीटरच्या आसपास आहे. गाडी वेगवान असली तरी तिची वाट बघणं, उतरून रस्ता शोधणं हे धरून जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. हातात उरतात अडीच तास, आणि तेही सारखं घड्याळाकडे बघत. आम्ही टोकियो सोडून दिलं. लांबच्या प्रसिद्ध शहरापेक्षा जवळचं लहान गाव बघावं, हे मी आजवरच्या अशा प्रत्येक थांब्यात शिकत आलोय.

(दृश्य: लोकल गाडीची खिडकी. मग उताराचा अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना लाकडी दुकानं.)

विमानतळावरून नारिता गाव रेल्वेनं दहा मिनिटांवर आहे. स्टेशनातून बाहेर पडलं की एक रस्ता वळणं घेत देवळाकडे उतरत जातो. ओमोतेसांदो म्हणतात त्याला, देवळाला जाणारा मुख्य रस्ता. हा रस्ता ईल माशासाठी प्रसिद्ध आहे. एका दुकानाच्या दर्शनी भागातच लांब लाकडी फळी मांडलेली आणि तिच्यामागे कारागीर बसलेले. टोपलीतून एक ईल उचलली जाते, मुंडी अणकुचीदार टोच्यानं फळीवर टोचली जाते आणि पाठीच्या बाजूनं सुरी एका ओढीत शेपटापर्यंत जाते. काटा वेगळा, मांस वेगळं. आम्ही दहा मिनिटं नुसते उभे होतो. कारागिरानं एकदाही मान वर केली नाही.

रस्त्याच्या शेवटी नारितासान शिन्शोजी. हे देऊळ इ.स. 940 मध्ये स्थापन झालं. विमानतळ सुरू झाला 1978 साली. ज्या नावानं जग या गावाला ओळखतं, तो विमानतळ देवळाहून हजार वर्षांनी धाकटा आहे. मोठा दरवाजा ओलांडला की पायऱ्यांच्या बाजूला लहान डोह आहेत आणि दगडांवर कासवं ऊन खात पसरलेली असतात. मागच्या बाजूला मोठी बाग आहे, तळी आहेत. रात्रभर विमानात बसून आखडलेल्या पायांना ती बाग फार बरी वाटते.

(दृश्य: मुख्य सभागृहाच्या पायऱ्या, काढून ठेवलेले बूट. पडदा हळूहळू काळा होतो. ढोलाचा आवाज.)

इथे आम्ही कॅमेरा बंद केला. पुढचं फक्त ऐका.

मुख्य सभागृहात दिवसातून अनेक वेळा अग्नीची पूजा होते. तिला 'गोमा' म्हणतात. हा शब्द मुळात संस्कृत 'होम'. बौद्ध परंपरेबरोबर भारतातून चीनमध्ये आणि तिथून जपानमध्ये गेलेला. ज्या देवतेसमोर अग्नी पेटतो ती 'फुदो म्योओ', म्हणजेच 'अचल'. विमान बदलायला म्हणून उतरलेला माणूस बूट काढून बसतो आणि समोर होम चाललेला असतो. मोठा ढोल घुमतो, मंत्र एका लयीत वाढत जातात, समिधा रचल्या जातात, ज्वाळा माणसाच्या उंचीला येते. शेवटी लोक उठून रांग लावतात आणि आपली पिशवी किंवा पर्स पुढे देतात. पुजारी ती क्षणभर अग्नीवर धरून परत करतो. रांगेत आमच्या पुढे एक आजीबाई होत्या. त्यांनी नातवाचं दप्तर आणलं होतं. मी माझी कॅमेऱ्याची बॅग दिली.

(दृश्य: पुन्हा उजेड. पासपोर्टवर पडणारा शिक्का.)

हे सगळं जमण्यासाठी एक गोष्ट आधीच झालेली असावी लागते. त्या देशाचं दार तुमच्यासाठी उघडलं पाहिजे.

नियम पासपोर्टाप्रमाणे बदलतात. काही देश ट्रान्झिट प्रवाशांना, म्हणजे नुसतं विमान बदलणाऱ्यांना, थोड्या तासांसाठी बाहेर सोडतात, काहींना आधीच व्हिसा लागतो. अमेरिकेत तर आंतरराष्ट्रीय ट्रान्झिट असा वेगळा विभागच नाही. तिथे नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून जावंच लागतं. युरोपातल्या शेंगेन देशांमध्ये, म्हणजे ज्यांनी आपसातली सीमेवरची तपासणी काढून टाकली आहे अशा देशांमध्ये, एक गंमतीदार पण महाग पडू शकणारी अडचण आहे. तुमच्या मार्गावर अशी दोन विमानतळं लागोपाठ असली, समजा आधी फ्रँकफर्ट आणि मग पॅरिस, तर त्या दोघांमधलं उड्डाण देशांतर्गत उड्डाणासारखं धरलं जातं. म्हणजे पहिल्याच विमानतळावर तुम्ही शेंगेनमध्ये शिरता आणि त्यासाठी व्हिसा लागू शकतो. काही देशांच्या नागरिकांना तर विमानतळाबाहेर न पडताही वेगळा ट्रान्झिट व्हिसा घ्यावा लागतो. म्हणून बुकिंगच्या आधी त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत वेबसाइटवर बघा. एजंटच्या बोलण्यावर किंवा ओळखीच्यांच्या अनुभवावर विसंबू नका, कारण त्यांचा पासपोर्ट किंवा त्यांचा व्हिसा वेगळा असू शकतो.

दुसरी गोष्ट बॅग. चेक-इन काउंटरवर बॅगेला लांबट पट्टी लावतात. तिच्यावर तीन अक्षरं मोठ्या ठशात छापलेली असतात. नारितासाठी एनआरटी, सिंगापूरसाठी एसआयएन, इस्तंबूलसाठी आयएसटी. ती अक्षरं तिथेच, काउंटरवर उभं असतानाच वाचायची. शेवटच्या मुक्कामाची असतील तर बॅग आपोआप पुढे जाणार. मधल्या ठिकाणाची असतील तर ती तुम्हालाच बेल्टवरून उचलून पुन्हा द्यायची आहे. अनेक वर्षांपूर्वी मी पैसे वाचवायला दोन वेगवेगळी तिकिटं काढली होती. पट्टी वाचलीच नाही. मधल्या विमानतळावर कळलं की बॅग इमिग्रेशनच्या पलीकडे बेल्टवर फिरतेय आणि माझ्याकडे त्या देशाचा व्हिसा नाही. ट्रान्सफर डेस्कसमोर चार तास उभा होतो. शेवटी एका कर्मचाऱ्यानं पट्टीचा नंबर घेऊन ती शोधून आणली. तेव्हापासून मी पट्टी दोनदा वाचतो. आणि अशा जोडलेल्या तिकिटांत पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसऱ्या विमानाची जबाबदारी सहसा कुणी घेत नाही, तेही मला तेव्हाच उमगलं.

(दृश्य: इस्तंबूल, घुमट आणि मिनार. सिंगापूर, काचेच्या छताखाली कोसळणारं पाणी.)

एकट्यानं बाहेर पडायचा धीर होत नसेल तर काही ठिकाणी हात धरून नेणारेही आहेत. इस्तंबूलमध्ये टर्किश एअरलाइन्सच्या आंतरराष्ट्रीय ट्रान्झिट प्रवाशांसाठी 'टुरिस्तंबूल' नावाची मोफत सहल असते. थांबा सहा ते चोवीस तासांचा हवा. बसनं नेतात, गाइड बरोबर असतो आणि वेळेत परत आणून सोडतात. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर साडेपाच ते चोवीस तास थांबणाऱ्यांसाठी मोफत शहरदर्शन असतं. दक्षिण कोरियाच्या इंचॉनलाही ट्रान्झिट सहली निघतात. प्रवेशाची अट मात्र सगळीकडे पाळावी लागते आणि जागा मोजक्या असतात, त्यामुळे नावनोंदणी जमेल तितकी लवकर करा.

आणि बाहेर जाताच आलं नाही तर? चांगीला 'ज्वेल' आहे. मोशे साफ्दी यांनी रचलेली काचेची घुमटाकार इमारत, 2019 साली खुली झाली. तिच्या मधोमध चाळीस मीटर उंचीवरून पाणी पडतं. छताखालचा हा जगातला सर्वांत उंच धबधबा. ती इमारत इमिग्रेशनच्या बाहेर आहे. पण टर्मिनल 2 आणि 3 मधली स्कायट्रेन ज्वेलमधूनच जाते, त्यामुळे ट्रान्झिटमध्ये अडकलेल्यालाही काचेतून तो धबधबा काही क्षण दिसतो. टर्मिनल 3 मध्ये फुलपाखरांची बाग आहे, आणि तिला व्हिसा लागत नाही. दोहाच्या हमाद विमानतळावर कलाकार उर्स फिशर यांचं सात मीटर उंचीचं पिवळं अस्वल बसलंय, डोक्यावर दिवा घेऊन. मुलं त्याच्या पायाशी झोपलेली असतात.

विमानतळावरच्या दुकानांमध्ये तास घालवावेत असं मला वाटत नाही. पण त्यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. एके काळी विमानांना एका दमात अटलांटिक पार करता येत नसे. पश्चिमेला निघालेली विमानं आयर्लंडच्या शॅनन विमानतळावर इंधन भरायला उतरत. तेवढा वेळ प्रवासी रिकामे. तिथली खानपानाची व्यवस्था बघणारे ब्रेंडन ओ'रीगन यांनी त्या रिकाम्या वेळेत एक संधी पाहिली, आणि 1947 साली तिथे जगातलं पहिलं ड्यूटी फ्री, म्हणजे करमुक्त मालाचं, दुकान उघडलं. आज प्रत्येक मोठ्या विमानतळावर अत्तराच्या बाटल्यांमधून वाट काढत गेटकडे जावं लागतं, त्याचं मूळ इंधनासाठी थांबलेल्या त्या प्रवाशांमध्ये आहे.

(दृश्य: पाण्याची बाटली भरणारा हात. कॉरिडॉरमधून चालणारे पाय.)

शरीराबद्दल थोडं सांगायलाच हवं. विमानातली हवा फार कोरडी असते, आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. त्यामुळे उतरल्यावर आधी पाणी. मग चाल. जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की चार तास किंवा जास्त बसून प्रवास केला तर शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. मुळात तो धोका लहान आहे, सुमारे सहा हजारांत एक, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण दोन लांब प्रवासांच्या मध्ये पुन्हा नऊ तास बसून राहायचंही कारण नाही.

झोप येत असेल तर झोपा. फक्त झोपण्याआधी फोनचं घड्याळ तपासा. एअरप्लेन मोडवर राहिलेला फोन जुन्याच देशाची वेळ दाखवत राहतो, आणि गजर त्याच वेळेनं लागतो. तिकिटावरची वेळ मात्र नेहमी त्या त्या ठिकाणची असते. बॅगेचा पट्टा हाताला किंवा पायाला गुंडाळा. अंघोळीची सोय असलेल्या विमानतळांवर मी जेवणाआधी अंघोळ निवडतो. अर्धा प्रवास अंगावरून उतरतो.

आणि शक्य तेवढा वेळ उजेडात बसा. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं आणि नव्या वेळेशी जुळायला त्याला साधारण तासामागे एक दिवस लागतो. मोठ्या काचेसमोरची खुर्ची मिळाली तर ती सोडू नका.

(दृश्य: नारिता. संध्याकाळची धावपट्टी. बोर्डिंगची रांग.)

अडीच म्हटलं होतं, आम्ही दोन वाजून वीस मिनिटांनी विमानतळाच्या दारात होतो. सिक्युरिटीला रांग नव्हती. गेटसमोर पावणेदोन तास बसलो, शूटिंगच्या नोंदी लिहिल्या, पाणी प्यायलो. फलकावर आता आमच्या विमानापुढे गेट नंबर आला होता.

विमानात बसल्यावर मी कॅमेऱ्याची बॅग समोरच्या सीटखाली सरकवली. दिवे मंद झाले. पाणी घेण्यासाठी पुन्हा वाकलो, तेव्हा बॅगेला जळलेल्या लाकडाचा वास येत होता.