नवरी निघाली कुठे? प्रेमगीत समजून ऐकलेली मराठी गाणी

नमस्कार. आज थेट एका ओळीनेच सुरुवात करते.

"नववधू प्रिया, मी बावरते, लाजते, पुढे सरते, फिरते."

चाल कानात वाजायला लागली असेल. लता मंगेशकरांचा आवाज, वसंत प्रभूंचं संगीत. मी हे गाणं पहिल्यांदा मावसबहिणीच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये ऐकलं. पाठवणीचं दृश्य, मावशी डोळे पुसतेय, आणि मागे हे गाणं. इतकं चपखल बसलं होतं की पुढची कितीतरी वर्षं माझ्यासाठी ते पाठवणीचं गाणं होतं. पहिला शब्दच "नववधू" आहे, मग शंका घ्यायचं कारणच काय?

मग एकदा ही कविता कागदावर वाचली. चालीशिवाय, सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत. आणि लक्षात आलं की ही नवरी ज्या सासरी निघाली आहे, तिथून कुणी माहेरपणाला परत येत नाही.

ही कविता भा. रा. तांबे यांची. 1873 ते 1941 हा त्यांचा काळ. ग्वाल्हेरचे राजकवी. आणि ही कविता मरणावरची आहे.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, कवितेतच बघू. आधी एक छोटी गोष्ट. "नववधू प्रिया" यातली प्रिया म्हणजे नवरी नव्हे. "हे प्रिया" अशी ती हाक आहे, प्रियकराला मारलेली. प्रिया, मी नववधू, मी बावरते आहे, असा त्याचा अन्वय. पुढे ती त्याला "प्राणसखा" म्हणते. तूच आधार आहेस, तुझ्यावाचून संसार फुका आहे, हे मला कळतं, असं सांगते. कळतं सगळं, पण जवळ यायला मन गांगरतं.

(दुसरं कडवं पडद्यावर)

"मला येथला लागला लळा, सासरि निघता दाटतो गळा, बागबगीचा, येथला मळा, सोडिता कसे मन चरचरते!"

"येथला" हा शब्द दोनदा आलाय. येथला लळा, येथला मळा. आई नाही, बाबा नाहीत, भावंडं नाहीत. माहेर सोडणारी मुलगी आधी माणसांसाठी रडते, आणि इथे एकाही माणसाचं नाव नाही. जे सुटणार आहे ते "येथलं", म्हणजे इथलं सगळंच. हे जग हेच माहेर.

आता माझं सगळ्यात आवडतं कडवं. गाणं ऐकताना ते कानावरून सहज निघून जातं.

"चित्र तुझे घेउनी उरावरि, हारतुरे घालिते परोपरी, छायेवरि संतोष खुळी करि, तू बोलविता परि थरथरते."

ती त्याचं चित्र छातीशी धरते. त्याला हार घालते, तुरे वाहते. त्या छायेवरच समाधान मानते. पण तो स्वतः बोलावतो तेव्हा मात्र थरथरते. नवऱ्याच्या फोटोला रोज हार घालणारी नवरी तुम्ही कुठे पाहिली आहे का? हार घातले जातात देवाच्या तसबिरीला. आयुष्यभर आपण त्या तसबिरीपुढे हात जोडतो, "तुझ्यावाचून मला कुणी नाही" म्हणतो. आणि ज्याची ती तसबीर आहे त्याचंच बोलावणं आलं की अंगाला कापरं भरतं. तांब्यांनी चार ओळींत माणसाच्या भक्तीचं आणि भीतीचं नातं उघडं केलं आहे. त्यात टोमणा कुठेही नाही. नवरी खुळी आहे, पण कवीची तिच्यावर माया आहे.

आणि शेवट: "अता तूच भय-लाज हरी रे, धीर देउनी ने नवरी रे." भीती तूच घालव आणि तूच मला ने. डोळे भरले तर भरोत. ते पळभरच असेल, कारण "खरे घर ते".

खरे घर ते. म्हणजे इथलं घर काय होतं, ते तुम्हीच ठरवा.

कुणी विचारेल, "मग आम्ही लग्नात हे लावतो ते चूक का?" मला तसं वाटत नाही. नवरीची घालमेल त्यात अगदी खरी आहे. ती खरी नसती तर मरणाचा अर्थही खोटा ठरला असता. पण पाठवणीच्या वेळी आपण नेमकं काय लावलं आहे, हे आपल्याला ठाऊक असावं, एवढा माझा आग्रह आहे.

तांब्यांची अजून एक कविता. तीही लतादीदी आणि वसंत प्रभू यांच्यामुळेच घराघरात गेली.

"मधु मागशि माझ्या सख्या, परी मधुघटचि रिकामे पडति घरी."

मधु आला, सखा आला, की आपल्या मनात एक चित्र तयार होतं: प्रियकर काहीतरी मागतोय आणि ती लटकेच नकार देते आहे. पण इथे नकार लटका नाही. घट खरोखरच रिकामे आहेत. बोलतो आहे तो म्हातारा झालेला कवी, आणि सखा म्हणजे त्याचा रसिक, जो अजूनही पूर्वीसारखी रसाळ प्रेमगीतं मागतो आहे. आजवर कमळाच्या द्रोणात भरभरून मधु पाजला, ती जुनी सेवा आठव आणि रागावू नकोस, असं कवी विनवतो. आता माझ्यापाशी उरली आहे नैवेद्यापुरती दुधाची एक वाटी, आणि अंगणात देवपूजेपुरती कशीबशी जगवलेली कोरांटी. कमळापासून कोरांटीपर्यंत! एवढ्या एका उतरणीत एक अख्खं आयुष्य आलं आहे.

इथे एका शब्दापाशी बरेच जण अडखळतात. पहिल्या कडव्यात येतं "दया करी", म्हणजे दया कर. पुढे येतं "मधु पिळण्या परि रे बळ न करी". हा "करी" वेगळा. कर म्हणजे हात, करी म्हणजे हातात. तरुण-तरुणींची कुजबुज, झाडांचं-झऱ्यांचं गूज, संसाराचं मर्म हे सगळं तुला हवंय रे, पण ते पिळून मध काढायला आता माझ्या हातात बळ उरलेलं नाही. त्यानंतर दिवस ढळतो, संध्याछाया हृदयाला भिववतात, आणि डोळे लागतात पैलतीराकडे. हे गाणं एकदा आजी-आजोबांच्या शेजारी बसून ऐका. त्यांना ते आपल्याआधी कळलेलं असतं.

आता, हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. 'द पोलीस' या बँडचं 1983 सालचं 'एव्हरी ब्रेथ यू टेक' हे गाणं जगभर लग्नांमध्ये वाजतं. ते आहे सोडून गेलेल्या माणसाच्या प्रत्येक श्वासावर, प्रत्येक पावलावर पाळत ठेवणाऱ्याचं. ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 1984 चं 'बॉर्न इन द यूएसए' देशाभिमानाचं गाणं म्हणून दणक्यात गायलं जातं. त्यात आहे व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेला आणि कुणालाही नकोसा झालेला एक सैनिक. ध्रुवपद जोरात असलं की कडव्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही.

पण आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे ऐकणारे घाईत असतात म्हणून अर्थ निसटतो. आपल्याकडे मुळात एक जुनी रीत आहे: सांगायचं एक आणि त्याला वेष चढवायचा दुसऱ्याचा. तांब्यांची नवरी अचानक कुठून आली नाही. तिच्याआधी सहा शतकं ज्ञानेश्वरांच्या विरहिणी आहेत, म्हणजे विरहात तळमळणाऱ्या स्त्रीच्या तोंडच्या रचना.

"घनु वाजे घुणघुणा, वारा वाहे रुणझुणा." ढग, वारा, चांदणं, चंदन, फुलांची शेज. ऐकताना वाटतं, पावसाळी प्रेमगीत. चांदणं आणि चंदन नकोसं झालंय, शेज आगीसारखी पोळते आहे, ही सगळी प्रेमात तळमळणाऱ्या स्त्रीचीच लक्षणं. पण तिसऱ्याच चरणात ती सांगते की तिला भेटायचंय "भवतारकु हा कान्हा" याला. भवातून तारणारा. आणि शेवटाकडे येते ती ओळ, जिच्यापाशी मी दर वेळी थबकते:

"दर्पणी पाहता रूप न दिसे वो आपुले."

आरशात बघते तर माझं रूपच दिसत नाही. नुसत्या प्रेमगीतात ही ओळ अतिशयोक्ती झाली असती. पण बोलणारा जर "मी" विसर्जित करायला निघालेला योगी असेल, तर हे साधं, सरळ निवेदन आहे. आरशात दिसायला "मी" उरलाच नाही. "बापरखुमादेविवरे विठ्ठले मज ऐसे केले", विठ्ठलाने माझं हे असं केलं. एक तरुण योगी एका व्याकूळ बाईचा आवाज घेऊन हे बोलतो आहे. त्याला तो आवाज घ्यावासा वाटला, कारण ज्या ओढीबद्दल त्याला बोलायचं होतं, तिच्यासाठी इतका सच्चा दुसरा आवाज त्याच्यापाशी नव्हता.

एकनाथांनी हाच वेष हसवण्यासाठी वापरला. "विंचू चावला" आपण शाहीर साबळ्यांच्या आवाजात ऐकलंय, गॅदरिंगमध्ये कुणीतरी पाय झाडत नाचलेलं पाहिलंय. लहानपणी आपल्याला वाटतं, विंचू चावलेल्या माणसाची फजिती आहे. खरं तर नाथ काही लपवतच नाहीत. लगेच पुढची ओळ आहे, "कामक्रोध विंचू चावला". उताराही दिलाय: तमोगुण मागे सारा, सत्त्वगुणाचा अंगारा लावा. पण तोवर आपण इतके हसत असतो की ते शब्द ऐकू येत नाहीत.

शेवट मात्र ऐकाच. उतारा लागू पडला, दाह गेला, आणि तरीही "किंचित राहिली फुणफुण". विंचवाचा दंश उतरल्यावरही त्या जागी हलकी फुणफुण राहते, तशी. एवढी साधना करूनही थोडा राग, थोडी हाव मागे उरतेच, हे नाथ मान्य करतात. ती शेवटची फुणफुण शांत केली ती गुरू जनार्दनांनी.

त्यांचंच दुसरं भारूड, "सत्वर पाव गे मला, भवानीआई, रोडगा वाहीन तुला". ही सून देवीकडे काय काय मागते! सासरा गावाला गेलाय, त्याला तिकडेच खपव. सासू जाच करते, तिला लवकर संपव. नवऱ्याचीही सुटका नाही. लोक पोट धरून हसतात. हसणाऱ्या बायकांमध्ये काही जणींना तो जाच ओळखीचा असतो, हेही खरं. तो जाच नाथांनी कुठल्यातरी अंगणात कान देऊन ऐकल्याशिवाय इतका हुबेहूब उतरणार नाही. कीर्तनकार यातल्या एकेका नात्याचा एकेक अर्थ लावतात, कुणी सासऱ्याला अहंकार म्हणतं, कुणी नवऱ्याला. त्या कोष्टकात मी फार शिरत नाही. नाममुद्रेची, म्हणजे कवीचं नाव येतं ती, ओळ तेवढी बघा: "एका जनार्दनी सगळेचि जाऊ दे, एकलीच राहू दे मला." सगळं जाऊ दे. राग, लोभ, माझं-तुझं, सगळं. मागे उरू दे तो एकटा जीव. हसू त्या ओळीपाशी थांबतं.

म्हणून जुनं गाणं समोर आलं की मी आधी शेवटचं कडवं वाचते. संतांची रचना असेल तर नाव येतं ती ओळ. वेष तिथे उतरवलेला असतो.

आणि आता उलटी गोष्ट. जिथे वेषच नाही, कवीने स्वच्छ सांगितलंय, आणि तरीही आपण स्वतःच एक प्रेयसी आणून बसवली आहे.

"ती गेली तेव्हा रिमझिम". कवी ग्रेस. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, आवाजही त्यांचाच. प्रेमभंग झाला की मराठी मुलं हे गाणं लावतात, स्टेटसला ठेवतात. पाऊस आहे, "ती" आहे, ती गेली आहे. अजून काय हवं?

या कवितेभोवती कवीच्या आयुष्यातल्या कितीतरी कहाण्या सांगितल्या जातात. त्या सगळ्या बाजूला ठेवा, कविता पुरेशी आहे. दुसऱ्याच कडव्यात तो म्हणतो, ती आई होती म्हणून मी रडलो. "आई" हा शब्द आहे तिथे, उघडा, रूपकाशिवाय. पुढे अंगण येतं, आणि त्या अंगणात एका मुलाला कळतं की आपलं बालपण संपलं. खिडकीवर धुरकट कंदील आहे, एकटा.

शेकडो वेळा ऐकूनही तो शब्द मला कधी लागला नव्हता. "ती" म्हटल्याबरोबर मी माझी गोष्ट सुरू करून मोकळी होत असे, आणि कवीची गोष्ट तशीच पावसात उभी राहत असे.

आज रात्री हे गाणं लावा. हेडफोन घाला, फोन उलटा ठेवा. पहिल्या दोन ओळी तुम्हाला पाठ आहेत, त्या जाऊ द्या. तो शब्द त्यानंतर लगेच येतो.