एका भातखाचरावर किती जण जेवतात?

[कापणी झालेल्या खाचरात उभं राहून. पायाखाली धसकटं.]

नमस्कार मंडळी. मी उभा आहे ते एक भातखाचर आहे. रायगड जिल्हा, माणगावच्या अलीकडे. क्षेत्र जेमतेम दहा गुंठे. मालक कुणबी, आम्ही त्यांना दादा म्हणतो. तर प्रश्न साधा आहे: या दहा गुंठ्यांवर किती जण जेवतात?

दादांच्या घरची माणसं, असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं होतं. मग मी वर्षभर अधूनमधून इथे येत राहिलो आणि यादी वाढत गेली.

पण आधी शाळेतलं एक चित्र आठवा. माणूस आधी शिकारी होता, मग गुरं पाळायला लागला, मग शेती, मग व्यापार आणि शहरं. पायरीपायरीने वर. हे चित्र जुनं आहे. स्कॉटलंडचे अ‍ॅडम स्मिथ १७६० च्या दशकात ग्लासगोच्या विद्यापीठात असेच चार टप्पे शिकवत होते: शिकार, पशुपालन, शेती, व्यापार. मांडणी सुटसुटीत, परीक्षेत लिहायला सोपी. अडचण एवढीच की या खाचरात उभं राहिलं की ती शिडी दिसत नाही. इथे चौघं एकाच ताटावर बसलेले दिसतात, फक्त प्रत्येकाची वेळ वेगळी.

मे महिन्यापासून सुरू करू.

[काळ्या पडलेल्या जमिनीचं दृश्य]

ही काळी पट्टी म्हणजे राब. रोपं तयार करायच्या जागेवर आधी शेणाचा थर, त्यावर झाडाचा टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, वरून बारीक माती. आणि मग पेटवायचं, तेही वाऱ्याच्या उलट दिशेने. म्हणजे आग धावत नाही, हळूहळू धुमसत सरकते आणि खालची माती नीट भाजली जाते. तणाचं बी जळतं, राख मिळते, आणि मृगाच्या पावसात टाकलेलं भात तरारून वर येतं. मग लावणी.

लक्षात घ्या, टहाळ कुठून आला? डोंगरावरच्या ऐनाच्या फांद्या छाटून. शेण कुठून आलं? माळावर चरलेल्या गुरांकडून. दहा गुंठ्यांचं भात पिकवायला दहा गुंठे कधीच पुरत नाहीत, मागे बराच मोठा डोंगर लागतो. सातबाऱ्यावर तो दिसत नाही, एवढंच.

आता जून. कणगीतलं धान्य तळाला लागलेलं असतं आणि नवीन यायला चार महिने असतात. नेमकं तेव्हा रान वाढायला लागतं. हे बघा.

[हातात शेवळाची जुडी आणि हिरवी काकडं]

हे शेवळ. ठाणे, कल्याण, पनवेलकडच्या लोकांना सांगायला नको, आणि सीकेपी घरात तर यावरून भांडणं होतात. सुरणाच्या कुळातलं रोप आहे. पहिल्या पावसाच्या सुमाराला पानांच्या आधी हा जांभळट कोंब वर येतो. तसाच शिजवून खाल्लात तर घसा धरतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात. म्हणून बाजारात शेवळं विकणारी बाई सोबत ही आंबट फळं देते, काकडं. आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि काकडांचा रस घालून शिजवायचं. शेवळं आणि काकडं नुसती नावाने ओळखून भागत नाही, दोघांची जोडी माहीत असावी लागते. कधीतरी, कुणीतरी, बरीच खाज सोसून हे शोधून काढलं असणार.

ही शेवळं बहुतेक वेळा कातकरी किंवा ठाकर बायका आणतात. कातकऱ्यांचं नावच कातावरून पडलं: खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. जंगलाचे कायदे कडक झाले, खैर तोडणं बंद झालं, धंदा गेला, नाव राहिलं.

पाऊस जोर धरतो तशी वलगण येते. नदीतले मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात आणि ओढ्याओहोळांतून थेट खाचरांपर्यंत येऊन पोहोचतात. मग गावातला झाडून सगळा माणूस, कुणबी असो की कातकरी, घोळ, टोपली, साडीचं फडकं, मिळेल ते घेऊन पाण्यात. हल्ली यावर आक्षेप घेतात, की अंड्यावरची मासळी मारू नये. मला तो पटतो. पण त्या रात्री बांधावर बॅटऱ्यांची रांग बघितली की माझ्याने कुणाला काही बोलवत नाही. बांधातल्या बिळातले खेकडे, म्हणजे मुठे, ते वेगळेच. बांध दादांचा, बीळ खेकड्याचं, आणि खेकडा ज्याच्या हातात येईल त्याचा.

आता दिवाळीच्या मागेपुढे. कापणी झाली, भारे खळ्यावर गेले. शेतकऱ्याचं काम संपलं. आणि इथे माझा सगळ्यात आवडता भाग येतो.

[बांधाजवळ बसून, बिळाचं तोंड दाखवत]

ताजी उकरलेली माती दिसतेय? आत उंदीर राहता आहे. कातकरी माणूस आधी आजूबाजूला फिरतो आणि बिळाची बाकीची तोंडं शोधून मातीने बुजवतो. मग एका तोंडाशी पेंढा पेटवून धूर आत सोडतो किंवा कुदळीने मागावर खणत जातो. उंदीर मिळतोच, भाजून खातात. पण खरी गंमत त्याच्या मागे आहे. उंदराने भर हंगामात दाणेदार लोंब्या कुरतडून एका कप्प्यात रचून ठेवलेल्या असतात. त्या बाहेर काढायच्या, झटकायच्या, घरी न्यायच्या. म्हणजे एका खणण्यात मांस आणि भात, दोन्ही.

आता याला तुम्ही काय म्हणाल? शिकार? शेतीचं उत्पन्न? दादांचं नुकसान? दादांना विचारलं तर ते म्हणतात, "खणू दे की. पुढच्या साली उंदीर कमी."

हे असं वाटून खाणं योगायोगाने होत नाही. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ आणि मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रात फिरून हाच प्रश्न विचारला होता. त्यांचा गाजलेला लेख १९८३ चा. त्यांनी तीन भटक्या समाजांची शिकार तपासली. तिघंही एकाच मुलखात शिकार करणारे, मग भांडणं कशी होत नाहीत? उत्तर असं निघालं की फासेपारधी फास लावून काळवीट, तितर, लावे धरायचे. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे जायचे. वैदू मुंगूस, उदमांजर यांच्यासारखी लहान जनावरं पकडायचे आणि पाण्यातले मासे, कासवं, खेकडे धरायचे. ज्याचं त्याचं जनावर, ज्याची त्याची युक्ती.

सह्याद्रीच्या माथ्यावरही त्यांना तसंच दिसलं. खोऱ्यात कुणबी, शेती आणि जोडीला शिकार. वर सपाटीवर गवळी धनगर, त्यांच्या म्हशी. लोणी विकायचं, ताक घरात प्यायचं, धान्य खालून आणायचं. ताकातून पोषण मिळत असल्याने गवळी धनगर शिकारीच्या फारसे वाटेला जात नसत.

आता कुणी म्हणेल, वा, काय सुंदर व्यवस्था. थांबा. ही वाटणी जातीने बांधलेली होती, आणि जात कुणाच्या वाट्याला काय टाकते हे आपल्याला माहीत आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्याचा शिक्का पारध्यांवर बसला आणि १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला. माणसांच्या डोक्यातून अजून नाही. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली. काळवीट वाचवणं गरजेचं होतं, यात वाद नाही. पण पारध्याच्या ताटात त्याऐवजी काय वाढायचं हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

शिडीच्या चित्राकडे एकदा परत येऊ, कारण महाराष्ट्रातच त्याला अडचणीत आणणारं एक गाव आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथे उत्खनन केलं. इसवी सनाच्या आधी साधारण १६०० ते ७०० या काळातलं गाव. मधल्या काळात ऐटबाज चौकोनी घरं, जव हे मुख्य पीक, नदीचं पाणी वळवायला पाट आणि बांध. आणि मग साधारण इसवी सनपूर्व १००० नंतर चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात. उत्खनन करणाऱ्या म. के. ढवळीकरांची मांडणी अशी, की हवामान कोरडं झालं, शेती परवडेना, आणि लोक शेळ्यामेंढ्या व शिकारीकडे झुकले, अर्धे भटके झाले. ही मांडणी कितपत बरोबर, यावर नंतरच्या अभ्यासकांनी वाद घातला आहे. पण नुसती शक्यता बघा. पाट खणणाऱ्यांची नातवंडं मेंढरांमागे निघाली. त्यांना कुणी सांगितलं असतं का, की बाबांनो, तुम्ही दोन पायऱ्या खाली उतरताय?

[रात्र. खाचरात मेंढ्यांचा कळप. टॉर्चचा उजेड.]

आणि आता या खाचरावरचा शेवटचा जेवणारा. खरं तर तो इथे जेवायला येतो आणि वाढूनही जातो.

हे धनगर माण-खटाव-फलटणकडचे. तिकडे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि इथे कोकणात तीन हजारांच्या घरात. पावसाळ्यात मेंढरं इथे आणली तर खुरं कुजून मरतील. म्हणून पावसाळा तिकडे, आणि दिवाळीनंतर तिकडचं गवत संपलं की वरंध किंवा ताम्हिणी घाट उतरून इकडे. पुरुष मेंढरं घेऊन चारत येतात. बाया घोड्यांवर संसार लादून, वर कोंबड्या आणि कोकरं बांधून, पुढे जाऊन तळ मांडतात. अशा एकत्र फिरणाऱ्या घरांना म्हणतात वाडा, आणि वाडा कुठून कसा जाणार ते ठरवतो कारभारी.

मेंढरं दिवसा धसकटं, बांधावरचं गवत, झाडपाला खातात. रात्री त्यांना खाचरात बसवतात. लेंड्या आणि मूत, दोन्ही जागच्या जागी. खत वाहून न्यायला नको, पसरायला नको, ते चार पायांवर आपणहून येतं. त्याबद्दल शेतकरी पूर्वी भात द्यायचा. मी कारभाऱ्यांना विचारलं, "मामा, आता काय घेता?" ते म्हणाले, "आता पैसंच. भात घिऊन कुटं हिंडणार? आन् भात दिनारं तरी किती ऱ्हायलेत?"

खरंच आहे. वरच्या अंगाला दोन ठिकाणी प्लॉट पडलेत, तारेची कुंपणं झालीत. ज्या वाटेने वाडा यायचा तिथे आता गेट आहे आणि त्याला कुलूप. पलीकडच्या वाडीतली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, त्यामुळे यंदा त्या बाजूची बिळं कुणी खणलीच नाहीत. दादांच्या पडवीतही युरियाची दोन पोती आहेत. लपवून नाही, समोरच ठेवलीत.

तरी त्यांनी वाड्याला तीन रात्री सांगितल्या. पहिल्या रात्री मी इथेच झोपलो, म्हणजे झोपायचा प्रयत्न केला. सव्वाशे मेंढरं, खोकणारी, खूर आपटणारी, आणि कोकरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, आयांच्या नावाने ओरडणारी. कुत्री रात्रभर फेऱ्या घालत होती.

पहाटे मेंढरं उठली, खाचर लेंड्यांनी काळं दिसत होतं. दादा अनवाणी आले, कडेने एक पूर्ण फेरी मारली, वाकून दोन ठिकाणी माती बोटांनी उकरून बघितली. मग वरच्या टोकाशी थांबले आणि कारभाऱ्यांना हाक मारली.

"पाव्हणं, हा कोपरा राहिला. आज इकडं बसवा."