चार्टवरची खोली म्हणजे आजचं पाणी नव्हे!

नमस्कार मंडळी! 'आयएनएस संधायक' फेब्रुवारी २०२४ मध्ये नौदलात आलं, तेव्हापासून तुमचा एकच प्रश्न येतोय: "ताई, हे सर्वेक्षण जहाज नेमकं करतं काय?"

मूळ काम सोपंय: समुद्राची खोली मोजायची, म्हणजे जहाजांसाठी समुद्राचा नकाशा, अर्थात चार्ट, बनवता येतो. तळाकडे ध्वनी सोडायचा, प्रतिध्वनी यायला लागलेला वेळ मोजायचा. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. मल्टीबीम यंत्र एकाच वेळी तळाचा रुंद पट्टा मोजतं. झालं!

आता अवघड भाग, कारण कमेंटमध्ये सगळे इथेच चुकताय. यंत्राने ९ मीटर सांगितले म्हणून चार्टवर ९ छापत नाहीत. त्या क्षणी भरतीचं पाणी ४ मीटर चढलेलं असेल, तर चार्टवर येतात ५. मोजमाप धरायचं ते जवळजवळ सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पातळीपासून. तिला चार्ट डेटम म्हणतात.

माझे मामा वर्सोव्याचे. लहानपणी एकदा परतताना खाडीच्या तोंडाशी आमची होडी गाळात रुतली. सकाळी तिथूनच आरामात बाहेर पडलो होतो! मामांनी बांबू उभा केला, जेमतेम गुडघाभर भिजला. म्हणाले, "सकाली इथं पुरुषभर पानी व्हतं." खाडीचा तळ तोच होता, पाणी उतरलं होतं.

अजून पटत नाही? उधाणाच्या दिवशी गेटवेच्या पायऱ्या भरतीला बघा, मग सहा तासांनी परत जा. शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडलेल्या दिसतील. आता सात मीटर पाणी लागणाऱ्या जहाजाचा कप्तान 'इथे ९ आहेत' असं समजून ओहोटीच्या वेळी आत शिरला तर? म्हणून ५ च छापायचे. वरचं पाणी किती, ते तो भरतीच्या तक्त्यातून मिळवेल.

"उपग्रहाने का नाही मोजत?" असंही एकाने विचारलंय. चांगला प्रश्न आहे, पण दादा, मुंबईचं पाणी बघितलंय ना? इतक्या गढूळ पाण्यात प्रकाश तळापर्यंत पोचतच नाही. आवाज पोचतो.

आणि हे चार्ट तयार होतात डेहराडूनला! हो, डोंगरात. राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय तिथेच आहे, त्यावर वाद नको.

आता वजा करायचे ते ४ मीटर कळतात कसे? जहाज फिरत असताना किनाऱ्यावरचा भरतीमापक वेळेसकट पाण्याची पातळी टिपत असतो. आपल्या अपोलो बंदरच्या अशा नोंदी थेट १८७८ पासूनच्या आहेत. पुढच्या भागात भरतीचा तक्ता उघडून, मामांची होडी रुतली तशा एका दिवसाचं पाणी तासातासाने वाचून दाखवते.