जुन्या गाडीला इंजेक्शन बसवायचं का?

(साताऱ्यात जुन्या गाड्यांच्या मालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मित्रहो, आमच्या घरी 1996 ची कार्बोरेटरवाली मारुती 800 आहे. कार्बोरेटर म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल हवेत मिसळून इंजिनला देणारा भाग. वडिलांनी घेतलेली, त्यामुळे विकायचा विषयच नाही. मागच्या उन्हाळ्यात वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात ती आचके द्यायला लागली. मिस्त्री म्हणाला, "साहेब, कार्बोरेटर काढा, इंजेक्शन बसवून घ्या." इंजेक्शन म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा. मीही जवळजवळ तयार झालो होतो.

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. महाबळेश्वर सुमारे 1,370 मीटरवर आहे. तिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा बारा-तेरा टक्के विरळ असते. कार्बोरेटरला ते कळत नाही, तो पेट्रोल जास्तच सोडतो. उलट 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हवा कमी लागते. वजनाने एक भाग शुद्ध पेट्रोलला 14.7 भाग हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा, जुनाच राहिला, तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन तापतं. इंजेक्शनमध्ये सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर धूर तपासतो आणि कॉम्प्युटर त्याप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त करतो. हा फायदा खरा आहे.

पण पैसे देण्याआधी मी कार्बोरेटर उघडायला लावला. फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं तिथे, तळाला गंजाचा तांबूस गाळ. बोटावर घेतला तर बारीक रव्यासारखा लागत होता. मुख्य जेट उजेडाकडे धरला, भोक अर्धं बुजलेलं! गंज टाकीतून येत होता. तो कार्बोरेटरचा दोषच नव्हता. त्याच टाकीवर इंजेक्शन बसवलं असतं, तर नवा पंप आणि फिल्टर त्या गाळाने महिन्या-दोन महिन्यांत गेले असते. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची छिद्रं तर जेटपेक्षाही बारीक. म्हणून मी सगळ्यांना हेच सांगतो: आधी टाकी, पाइप, फिल्टर, प्लग आणि अर्थिंग बघा. दोष सापडल्याशिवाय नव्या सामानाला हात लावू नका.

आणि इंजेक्शन म्हणजे नुसते इंजेक्टर नव्हेत. बार हे दाबाचं माप. कार्बोरेटरचा पंप पाव बारच्या आसपास दाब देतो, मल्टिपॉइंट इंजेक्शनला, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असतो त्याला, सुमारे 3 बार लागतात. म्हणजे वेगळा पंप, दाब सोसणारे पाइप, बहुतेक वेळा टाकीकडे परतीची लाइन, नवं वायरिंग. जुना कुजका रबरी पाइप त्या दाबाला फुटला, तर गरम इंजिनवर पेट्रोल उडेल. इथे काटकसर नको. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सुद्धा लक्षात घ्या. नोंदणीशी न जुळणारा बदल करता येत नाही, म्हणून आरटीओत आधी विचारा.

गाडी रोज सातारा-कराड धावत असेल, टाकी स्वच्छ असेल आणि स्कॅनर लावून दोष शोधणारा माणूस गावात असेल, तर जरूर बसवा. महिन्यातून दोनदा बाहेर निघणाऱ्या गाडीवर मी तो खर्च करणार नाही.

आमची टाकी उतरवून साफ केली, पाइप बदलले, इथेनॉलच्या पेट्रोलसाठी एक नंबर मोठा जेट घातला. परवा पाचगणीला पोचल्यावर प्लग काढून पाहिला: फिकट चॉकलेटी, म्हणजे मिश्रण बरोबर. मिश्रण पातळ होऊन पांढरा पडला असता, तर मी आज वेगळं बोललो असतो.