लढाईचा खेळ गिफ्ट देताना आधी घरातली माणसं मोजा

नमस्कार मंडळी. दिवाळीत आमच्या ताईच्या अंगणात दरवर्षी किल्ला होतो, दगडमाती, वर अळीव पेरलेलं, आणि मावळे मांडायचं काम माझ्या भाच्याचं. अकरा वर्षांचा आहे तो. नुसते मांडत नाही हो, इकडून गनीम येईल, या वाटेवर दोन माणसं पाहिजेत, असा विचार करून मांडतो. अशा पोराला लढाईचा बोर्ड गेम द्यावा हे कुणालाही सुचेल, मलाही दोन वर्षांपूर्वी सुचलं आणि मी चुकीचा आणला.

दुकानात गेलो, सगळ्यात मोठा बॉक्स उचलला. दुसरं महायुद्ध, अख्ख्या जगाचा नकाशा, रणगाडे, विमानं, बोटी. पोरगं बघून नाचलंच. पण तो खेळ रंगायला चार-पाच जण लागतात आणि अख्खी दुपार जाते, घरात माणसं तीन, दाजी रात्री आठला येणार, ताईची ड्युटी असते, मग कोण बसणार त्याच्यासोबत? दोनदा उघडला बॉक्स, मग माळ्यावर गेला. त्याला वाटायला लागलं की आपल्यालाच नियम कळत नाहीत. हे मला फार लागलं, कारण चूक त्याची नव्हती, निवड माझी होती.

तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगतो, बॉक्समधले सैनिक नंतर मोजा, आधी तो ज्या घरात जाणार तिथं खेळायला बसणारी माणसं मोजा.

आता 'रिस्क' हा खेळ घ्या, हे नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. आल्बेर लामोरीस नावाच्या फ्रेंच सिनेदिग्दर्शकानं केलेला खेळ, १९५७ मध्ये फ्रान्समध्ये बाजारात आला. नकाशावर ४२ प्रदेश, हल्ला करणाऱ्याला जास्तीत जास्त तीन फासे, अडवणाऱ्याला दोन, आणि आकडा सारखा पडला तर अडवणारा जिंकतो. नियम सोपे आहेत. चुलतभावंडं सुट्टीत एकत्र जमतात अशा घरात जरूर द्या. पण यात हरलेला गडी खेळातून बाहेर पडतो, आणि बाकीच्यांचं मग तास दोन तास चालूच राहतं. घरात सात-आठ वर्षांचं धाकटं असेल तर ते पहिलं बाहेर पडणार आणि रडणार, तेव्हा जरा विचार करा.

डिप्लोमसी १९५९ चा, अ‍ॅलन कॅलहॅमर या अमेरिकन माणसाचा. फासे नाहीतच, पहिल्या महायुद्धाआधीचा युरोप, सात सत्ता, गुपचूप बोलणी करायची, चाली कागदावर लिहायच्या आणि सगळ्यांच्या एकदम उघडायच्या. यात शब्द देऊन फिरवणं हाच खेळ आहे. होस्टेलवर सात दोस्त असतील तर याच्यासारखं गिफ्ट नाही, नवीन लग्न झालेल्या जोडप्याला मात्र देऊ नका, दोघांत तो नीट होतच नाही.

दोघंच खेळणारे असतील तर स्ट्रॅटेगो बघा. दोन्हीकडे चाळीस-चाळीस सोंगट्या, हुद्दा समोरच्याला दिसत नाही, आणि सगळ्यात हलका हेर पुढं होऊन थेट सगळ्यात वरच्या हुद्द्याच्या मार्शलला मारू शकतो. किल्ल्यावर मावळे मांडणाऱ्या मुलाला हे मांडणं फार आवडतं.

पण गेल्या वर्षी मी भाच्यासाठी आणला तो मेमॉयर '४४. रिचर्ड बोर्ग यांचा, २००४ चा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांचं सैन्य फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं त्याला ६० वर्षं झाली तेव्हा आलेला. दोघांचा खेळ, तासाभरात एक लढाई संपते. षटकोनी घरांचा पट, त्यावर टेकड्या, जंगलं, गावं स्वतः मांडायची, पायदळाच्या तुकडीत चार सैनिक, रणगाडे तीन, तोफा दोन. हातात पत्ते, डावी फळी, मधली फळी, उजवी फळी, जो पत्ता असेल तिथलीच माणसं हलवता येतात, म्हणजे मनात खूप असतं पण हुकूम पोचत नाही, खऱ्या लढाईत होतं तसंच.

त्यात एक नियम आहे. तुकडीतले तीन सैनिक गेले आणि एकच उरला तरी तो चौघांइतकेच फासे टाकतो. भाच्यानं लगेच विचारलं, मामा, एकटा माणूस चौघांइतका कसा लढेल? मी खेळ थांबवला आणि त्याला नाईक यशवंत घाडगे सांगितले. आपल्या रायगड जिल्ह्यातले, मराठा रेजिमेंटचे, वय २२. १० जुलै १९४४, इटलीत, मशीनगनच्या माऱ्यात त्यांची सगळी तुकडी पडली, एकटे उरले, तरी धावत गेले, ग्रेनेड टाकून गन बंद पाडली, पुढं बंदूक पुन्हा भरायला वेळ नव्हता तेव्हा दस्त्यानं लढले आणि तिथंच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालं त्यांना. सैन्य नॉर्मंडीत उतरल्यावर साधारण महिन्याभरानंतरची गोष्ट. पोरगं गप्प झालं, मग पटावरचा तो एकटा सैनिक त्यानं हळूच पुढच्या घरात सरकवला.

ताई आधी म्हणाली होती, लढाईचे खेळ कशाला मुलाला? मला तिची काळजी कळते. पण सैनिक पडतो म्हणजे काय हे त्याला त्या दुपारी जितकं कळलं तितकं मोबाईलवरच्या गोळीबारात कळलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

आणि हो, गिफ्ट रॅप करायच्या आधी नियमांचं पुस्तक तुम्ही स्वतः वाचा, पुठ्ठ्याचे तुकडे सुटे करून पिशव्यांत भरा, घरात रांगतं बाळ असेल तर बारीक तुकड्यांचं आधी बोला. पहिला डाव तुम्हीच बसून खेळा, मग बाजू बदलून दुसरा, म्हणजे एका बाजूला फायदा होता का हे मुलाला कळतं.

यंदा भाऊबीजेला मी ताईकडे जातोय. फोन आलाय, जेवण झाल्या झाल्या पट मांडायचा, आणि या वेळी जर्मन बाजू मामाची.